‘फक्त लेबलची चूक आहे’ म्हणतात, मग खोकं संपवू का?

नमस्कार सिस्टर,

माझी मुलगी १३ वर्षांची आहे. तिला जन्मापासून स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष, आहे. लघवीवर ताबा नसल्यामुळे दिवसातून ५ वेळा कॅथेटर घालून लघवी काढावी लागते. आता हे सगळं ती स्वतः करते. ती ४ वर्षांची असताना तपासणीत लेटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, अ‍ॅलर्जी निघाली, तेव्हापासून आम्ही जपून असतो. आम्ही तयार किट आणतो. एका पाकिटात कॅथेटर, हातमोजे, जेलीची पुडी आणि एक ओला वाइप असतो.

गेल्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. काही लॉटच्या किटमधले मोजे लेटेक्सचे आहेत आणि खोक्यावर तशी सूचना छापायची राहून गेली, म्हणून हा ‘क्लास टू’ रिकॉल, असं त्यात लिहिलंय. सोबत स्टिकरचा एक कागद आणि एक फॉर्म आहे. स्टिकर खोक्यावर चिकटवा म्हणतात. आमच्याकडे त्याच लॉटची दोन खोकी आहेत, एक अर्धं संपलंय. मिस्टर म्हणतात, माल चांगला आहे, नुसती लेबलची चूक आहे, मोजे काढून टाक आणि कॅथेटर वापर. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नीट सांगताही येत नाही.

दुसरं म्हणजे, गेल्या महिन्यात तिला दोनदा मांड्यांवर आणि पोटावर पित्त उठलं होतं. गोळी दिली, उतरलं. त्याचा याच्याशी संबंध असेल का, हे विचारायचीही भीती वाटते. आणि यापुढे खोक्यावर ‘लेटेक्स फ्री’ लिहिलेलं असलं, तर त्यावर भरवसा ठेवायचा का?

– एक आई

*

नमस्कार,

आधी उठा आणि ती दोन्ही खोकी मुलीचा हात चुकूनही जाणार नाही अशा जागी ठेवा. अर्धं संपलेलंही. मग तिचं दप्तर, प्रवासाची बॅग, शाळेत ठेवलेली पाकिटं, नातेवाइकांकडे ‘असू द्यावीत’ म्हणून ठेवलेली पाकिटं, सगळं धुंडाळा. खोकं लगेच सापडतं, दप्तराच्या आतल्या कप्प्यातलं एक पाकीट राहून जातं. सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तोंड बांधा. फेकू मात्र नका. ते का, ते पुढे सांगते.

कॅथेटर घालणं मात्र एका वेळेलाही चुकवायचं नाही. किट बंद केलं म्हणून मूत्राशय तुंबू दिलं, तर दाब मागे मूत्रपिंडांवर येतो, संसर्ग होतो, आणि एक भीती टाळताना दुसरं दुखणं ओढवून घेतल्यासारखं होईल. तेव्हा आजच तिच्या युरॉलॉजिस्टना किंवा त्यांच्या सिस्टरना फोन करा आणि मधल्या दिवसांसाठी सुटे कॅथेटर मागा. मागताना पीव्हीसीचा किंवा पूर्ण सिलिकॉनचा, असं स्पष्ट सांगा. मोज्यांचं काय, असं विचाराल. घरी स्वतःचा कॅथेटर स्वतः घालणाऱ्याला साबणाने नीट धुतलेले हात बहुतेक वेळा पुरतात. १९७२ साली अमेरिकेतले युरॉलॉजिस्ट जॅक लॅपिडस यांनी मांडलेली पद्धत तीच होती, निर्जंतुकीकरणाचा थाट न करता स्वच्छ हातांनी, वेळच्या वेळी मूत्राशय रिकामं करायचं. तिच्या बाबतीत मोजे लागतातच का, हे त्याच फोनवर विचारून घ्या. लागत असतील तर नायट्राइलचे किंवा व्हिनाइलचे.

आता तुमच्या मिस्टरांचा मुद्दा. त्यांच्यावर चिडू नका, कारण बोलताहेत ते अर्धं खरंच आहे. मोज्यांना भोक नाही, कॅथेटर वाकडा नाही, निर्जंतुकीकरणात गफलत नाही. ज्या घरात कुणाला लेटेक्सचा त्रास नाही, त्या घरात ही खरोखर कागदावरची चूक आहे. ते लोक स्टिकर लावतील आणि उरलेली पाकिटं बिनघोर वापरतील, आणि त्यांनी तसं करायला हरकतही नाही. पण तुमच्या घरात तो मोजा हाच दोष आहे. राहून गेलेली ओळ तुमच्या मुलीसाठीच होती, तिच्यासारख्यांनी हे खोकं दुकानातच खाली ठेवावं म्हणून. ती ओळ आता स्टिकरवर छापून घरी आली आहे आणि सांगते आहे की हे खोकं तुमच्यासाठी नाही. स्टिकर चिकटवून किट वापरणं म्हणजे ‘कुत्रा चावतो’ ही पाटी गेटवर लावून मग आरामात आत शिरण्यासारखं आहे.

मोजे काढून उरलेलं वापरायचं का? तेही नको. पाकीट बंद झाल्यापासून तो मोजा कॅथेटरला आणि जेलीच्या पुडीला चिकटून पडलेला असतो. लेटेक्समध्ये अ‍ॅलर्जी करतात ती प्रथिनं. हेविया ब्रासिलिएन्सिस नावाच्या रबराच्या झाडाच्या चिकातली ही प्रथिनं मोज्याच्या पृष्ठभागावर मोकळी राहतात, आणि शेजारच्या वस्तूला लागतात. मोज्याला पावडर असेल तर ती प्रथिनं पावडरच्या कणांवर बसून सगळीकडे जातात. शिवाय कॅथेटर जातो कुठे, याचा विचार करा. धडधाकट कातडी बऱ्यापैकी अडवून धरते. मूत्रमार्गाचं, तोंडाचं, गुदद्वाराचं आतलं अस्तर ओलं आणि पातळ असतं. तिथून प्रथिनं चटकन रक्तात उतरतात.

ही पुस्तकातली भीती नाही. १९९० च्या आसपास अमेरिकेत बेरियम एनिमाच्या तपासणीत वापरायच्या नळीला लेटेक्सचा फुगा असायचा. क्ष-किरण तपासणीसाठी आलेली माणसं टेबलावरच जिवावर बेतणाऱ्या तीव्र प्रतिक्रियेत, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये गेली, काही दगावली. तेव्हा त्या नळ्या परत मागवल्या गेल्या आणि १९९१ साली औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याने, एफडीएने, डॉक्टरांना लेटेक्सबद्दल सावध करणारी सूचना काढली. त्याआधी काही वर्षं मोज्यांचा वापर अचानक वाढला होता. १९८७ साली एचआयव्हीच्या पार्श्वभूमीवर प्रत्येक पेशंटच्या रक्ताला हात लावताना मोजे घाला असा नियम आला आणि हॉस्पिटलं मोज्यांनी भरून गेली. आम्हीही घातले, दिवसाला कितीतरी जोड्या. हाताला खाज सुटायची तेव्हा साबणाला दोष द्यायचो. तुमच्या मुलीसारखी मुलं त्या काळात सगळ्यात आधी पकडीत आली, कारण जन्मल्यापासून एकामागून एक ऑपरेशनं आणि रोजचा कॅथेटर, म्हणजे लेटेक्सशी रोजची गाठ. स्पायना बिफिडा असलेल्या मुलांमध्ये ही अ‍ॅलर्जी इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त सापडते. म्हणून आता अशा बाळांना पहिल्या ऑपरेशनपासूनच लेटेक्सपासून लांब ठेवतात.

त्या सगळ्यातून एफडीएने १९९७ साली नियम केला आणि तो १९९८ च्या सप्टेंबरपासून लागू झाला. नैसर्गिक रबराचं लेटेक्स असलेल्या आणि माणसाच्या अंगाला लागणाऱ्या वैद्यकीय उपकरणावर, त्यात लेटेक्स आहे आणि त्याने अ‍ॅलर्जी होऊ शकते, असं स्पष्ट छापलंच पाहिजे. त्याच नियमाने अशा वस्तूंवर ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ (म्हणजे सहसा त्रास न देणारं) लिहायलाही मनाई केली, कारण तो शब्द वाचून लोक निर्धास्त व्हायचे आणि आत लेटेक्सच असायचं. म्हणजे ती ओळ आहे ती लोक दगावल्यानंतर आलेली आहे. मिस्टरांना सांगायचं असेल तर एवढं सांगा.

मग इतका जुना, स्पष्ट नियम असताना ओळ राहते कशी? मी २६ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली, त्यातला एक प्रसंग सांगते. लेटेक्सची अ‍ॅलर्जी असलेल्या पेशंटची केस आम्ही दिवसातली पहिली लावायचो. आदल्या दिवशी उडालेली मोज्यांची पावडर रात्रीतून खाली बसलेली असते, हवा स्वच्छ असते, म्हणून. दारावर पाटी, ट्रॉली वेगळी, कपाटातले मोजे वेगळे. त्या दिवशीही सगळं चोख होतं. सलाइनची सुई लावायला तयार किट उघडलं, त्यातला पट्टा बाईंच्या दंडाला बांधला, शीर सापडली, पट्टा सोडला. पाचेक मिनिटांत दंडावर एक तांबडी कडी उठली. बरोबर पट्ट्याच्या रुंदीची, दोन्ही कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ, आणि गाठ मारली होती तिथे फुगून जाड झालेली. भूलतज्ज्ञांनी केस तिथेच थांबवली. बाई दुपारपर्यंत ठीक झाल्या. मी खोकं उलटंपालटं करून पाहिलं, कुठे एक अक्षर नाही. कंपनीला फोन केला तेव्हा कळलं की किटमधल्या पट्ट्याचा पुरवठादार दोन महिन्यांपूर्वी बदलला होता. आधीचा पट्टा सिंथेटिक होता, नवा लेटेक्सचा. खोक्याचं लेबल छापणाऱ्याला ते कुणी कळवलंच नव्हतं.

किटमध्ये हीच मेख असते. मोजे एकाकडून, कॅथेटर दुसऱ्याकडून, जेली तिसऱ्याकडून, आणि पाकिटं भरणारा चौथाच. एखादा नग मिळेनासा झाला की त्याच मापाचा दुसरा घालतात. मोज्यांच्या मूळ खोक्यावर कदाचित सूचना असतेही, पण ते खोकं कारखान्यात फोडलं जातं आणि सूचना तिथेच राहते. म्हणून तुम्ही इतकी वर्षं हेच किट बिनतक्रार वापरत होतात आणि तरी या लॉटमध्ये गडबड निघाली, यात विसंगती काही नाही. मोजे बघून ओळखायला हवे होते असंही स्वतःला म्हणू नका. मळकट पांढरा पातळ मोजा लेटेक्सचा की व्हिनाइलचा, हे नुसत्या नजरेने मीही पैजेवर सांगणार नाही.

आता ज्या प्रश्नाची तुम्हाला भीती वाटते तो.

अंगावर गांधी उठल्या की मराठीत आपण ‘पित्त उठलं’ म्हणून मोकळे होतो. शब्द सोयीचा आहे, पण तो कारणही परस्पर ठरवून टाकतो. पोट बिघडलं असेल, जागरण झालं असेल, ऊन लागलं असेल. मग पुढे कुणी काही विचारत नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत विचारायला हवं. कॅलेंडर घेऊन बसा. या लॉटचं पहिलं खोकं कधी फोडलं? पित्त कुठल्या दोन दिवशी उठलं? फोनमध्ये त्या डागांचे फोटो असतील तर तारीख-वेळ त्यांच्यातच मिळेल. आणि मुलीलाच विचारा, कॅथेटर घातल्यानंतर किती वेळाने खाज सुरू झाली? लेटेक्सच्या प्रथिनांची प्रतिक्रिया बहुधा काही मिनिटांत ते तासाभरात दिसते. मांड्या आणि पोट, म्हणजे मोजा घातलेला हात जिथे जिथे टेकतो ती जागा, हे वाचून मला संशय आलाच. तरी खात्रीने सांगणार नाही, ते अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांनी तपासून सांगायचं. पण ‘दोनदा झालं, दोन्ही वेळा गोळीने उतरलं, म्हणजे साधंच आहे’ असं धरून चालू नका. आधीच्या दोन प्रतिक्रिया सौम्य होत्या यावरून तिसरी कशी असेल ते कळत नाही.

म्हणून हे पाठ करून ठेवा. गांधींबरोबर आवाज बसला, ओठ-जीभ सुजली, श्वासात घरघर आली, उलट्या सुरू झाल्या किंवा ती एकदम पांढरी पडून गळून गेली, तर ते अ‍ॅनाफिलॅक्सिस. त्यावर पहिलं औषध अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरून दिलं तरी चालतं. मग तिला आडवं ठेवा (श्वास लागत असेल तर बसवा) आणि रुग्णवाहिका बोलवा. खाजेची गोळी तिथे कामाची नाही, ती हळू चालते आणि घसरलेला रक्तदाब सावरत नाही. घरात अ‍ॅड्रेनालिनचं पेन आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर ठेवावं का, हे या आठवड्यातच डॉक्टरांना विचारा. असेल तर मुदत बघा. आणि ते कसं टोचायचं हे तुमच्याइतकंच तिलाही यायला हवं, १३ वर्षांची मुलगी हे सहज शिकते.

अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्या बांधलेल्या पिशवीतलं एक न उघडलेलं पाकीट घेऊन जा. खोकी फेकू नका म्हटलं ते यासाठी. कारण संशयित एकटा मोजा नाही. जेलीची पुडी आणि वाइप यांच्यावर काय छापलंय ते वाचा. क्लोरहेक्सिडिन हा शब्द आहे का? हे जंतुनाशक मूत्रमार्गाच्या जेलीत, पुसायच्या कागदात, ड्रेसिंगमध्ये, एवढंच काय, शिरेत घालायच्या काही नळ्यांच्या लेपातही असतं. उत्तम औषध आहे, फार थोड्यांना त्याची अ‍ॅलर्जी असते, पण ज्यांना असते त्यांना ती भयंकर होऊ शकते. जपानने १९८४ सालीच ते शरीरातल्या ओल्या अस्तरांवर वापरू नये असं सांगितलं. १९९७ साली तिथे क्लोरहेक्सिडिनचा लेप असलेल्या नळ्यांनी पेशंट शॉकमध्ये गेले आणि त्यांचा वापर थांबवावा लागला. ब्रिटनने २०१२ मध्ये सगळ्या हॉस्पिटलांना याबद्दल सूचना पाठवली. एफडीएने २०१७ मध्ये कातडीला लावायच्या क्लोरहेक्सिडिनवर अ‍ॅलर्जीची ताकीद छापायला लावली, तेव्हा त्यांच्यासमोर १९६९ पासूनची अ‍ॅनाफिलॅक्सिसची ५२ प्रकरणं होती. लेटेक्सचं नाव एकदा फाइलीवर लागलं की प्रत्येक गांधीचं खापर त्याच्यावर फुटतं आणि दुसरा गुन्हेगार पाकिटातच बसून राहतो. तेव्हा दोन्हींची तपासणी मागा. आणि पित्त उठलं त्या दिवशी तिने केळं, किवी किंवा अवोकाडो खाल्लं होतं का, हेही आठवून ठेवा. या फळांतली काही प्रथिनं लेटेक्समधल्या प्रथिनांसारखी असतात, त्यामुळे लेटेक्सच्या काही पेशंटना तीही बाधतात.

‘क्लास टू’चा अर्थ थोडक्यात. एफडीए रिकॉलचे तीन वर्ग करते. जीवावर बेतण्याची किंवा गंभीर इजेची रास्त शक्यता असेल तो पहिला. तात्पुरता, बरा होणारा त्रास संभवतो, किंवा गंभीर इजेची शक्यता फार दूरची आहे, तो दुसरा. त्रास होण्याचा संभव नाही, तो तिसरा. हा वर्ग एका घरापुरता नसतो, ती वस्तू वापरणाऱ्या सगळ्यांसाठी मिळून एकच असतो. किट घेणाऱ्या हजारात लेटेक्सवाले थोडेच. तुमचं घर त्या थोड्यांतलं आहे. तेव्हा हा आकडा वाचून तुम्हाला धीर यायचं कारण नाही. आणि रिकॉल म्हटलं की माल परत जातो, असंही नेहमी होत नाही. कधी माल उचलतात, कधी जागेवरच दुरुस्ती करतात. तुमच्या पत्रातले स्टिकर म्हणजे ती दुरुस्ती. तरी तुम्ही बदलून मागू शकता, मागाच. मुलीला लेटेक्सची अ‍ॅलर्जी आहे हे पहिल्या वाक्यात लिहा, म्हणजे तुमचं पत्र स्टिकरच्या ढिगात जाणार नाही.

‘लेटेक्स फ्री’वर भरवसा ठेवायचा का? माझा नाही. आणि यात मी एकटी नाही. एफडीएने २०१४ मध्ये कंपन्यांना सांगितलं की हे शब्द वापरू नका. वस्तूत कुठेच, कारखान्यातल्या हवेतूनसुद्धा, लेटेक्सचा अंश आला नाही हे सिद्ध करणारी खात्रीची चाचणी नाही. त्याऐवजी ‘नैसर्गिक रबराच्या लेटेक्सपासून बनवलेलं नाही’ असं लिहा. हे वाक्य कंटाळवाणं आहे, पण प्रामाणिक आहे. ते दिसलं तर मला जास्त बरं वाटतं. काहीच लिहिलेलं नसेल, तर त्याचा अर्थ ‘नाही’ असा घेऊ नका, ‘विचारायला हवं’ असा घ्या. विचारणंही लेखी. ईमेल करा, किटचा रेफ क्रमांक आणि लॉट क्रमांक द्या आणि आतल्या प्रत्येक नगाबद्दल, पाकिटाच्या आवरणासकट, उत्तर मागा. हे दोन्ही क्रमांक खोक्यावर इंग्रजीत छोट्या चौकोनातल्या ‘रेफ’ आणि ‘लॉट’ या खुणांपुढे असतात. नवीन खोकं आलं की लॉट बदललाय का ते पाहायची सवय लावा. लॉट बदलला की लेबल पुन्हा पहिल्यासारखं वाचायचं.

एक जुना सापळा सांगते, यात हॉस्पिटलमधली माणसंही पडतात. ‘सिलिकॉन कोटेड’ किंवा ‘सिलिकॉनाइज्ड’ कॅथेटर म्हणजे सिलिकॉनचा कॅथेटर नव्हे. आत लेटेक्स आणि वरून सिलिकॉनचा पातळ हात, एवढंच. तिला कधी दाखल करावं लागलं आणि कुणी पिवळट-तपकिरी रंगाचा फोली कॅथेटर (मूत्राशयात ठेवून द्यायचा) हातात घेऊन ‘सिलिकॉनचा आहे हो’ म्हणालं, तर ‘पूर्ण सिलिकॉनचा का?’ असं विचारा. पूर्ण सिलिकॉनचा बहुधा अर्धपारदर्शक, दुधी दिसतो, पण रंगावर न जाता पाकिटावरचे शब्द वाचायला लावा. उलट बाजूने, भिंतीला लावायच्या ‘लेटेक्स’ रंगाला घाबरू नका. तो सिंथेटिक असतो, झाडाच्या चिकाशी त्याचा संबंध नाही. फुग्यांचा मात्र आहे.

आणि नायट्राइलचे मोजे घालूनही एखाद-दोन दिवसांनी हातावर कोरडं, खाजरं, भेगाळलेलं चट्टं आलं, तर ते वेगळं प्रकरण. रबर पक्कं करायला थायुराम, कार्बामेट अशी रसायनं घालतात, ती सिंथेटिक मोज्यांतही असतात, आणि त्यांची अ‍ॅलर्जी उशिरा उठते. त्याने जीव धोक्यात येत नाही, पण त्रास फार होतो. त्याची तपासणीही वेगळी, पाठीवर पट्ट्या चिकटवून करतात.

मला या विषयात सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? लेटेक्सच्या ओळीसाठी निदान नियम तरी आहे. बाकीच्या कितीतरी गोष्टींसाठी तोही नाही. युरोपात लिपस्टिकच्या वेष्टनावर आतले सगळे घटक छापावेच लागतात. पण दंडावर १४ दिवस चिकटवून ठेवायच्या साखर मोजण्याच्या सेन्सरवर त्याच्या गोंदातलं सगळं लिहा, अशी सक्ती तिथेही नाही. २०१७ मध्ये असे सेन्सर लावणाऱ्यांच्या दंडावरच्या चट्ट्यांचा माग काढताना आयसोबॉर्निल अ‍ॅक्रिलेट नावाचं रसायन सापडलं. ते कातडीला चिकटणाऱ्या पट्टीत मुळात नव्हतंच, सेन्सरच्या प्लॅस्टिकचे दोन भाग जोडणाऱ्या गोंदातून झिरपत खाली आलं होतं. डॉक्टरांना ते प्रयोगशाळेत शोधून काढावं लागलं. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली त्याला ‘अ‍ॅलर्जन ऑफ द इयर’ ठरवलं. हे तुमच्या मुलीला आज लागू नाही. पण तिला आयुष्यभर कसली ना कसली उपकरणं लागणार आहेत, आणि खोक्यावर छापलेलं तेवढंच आत असतं, असं तिने धरू नये म्हणून सांगितलं.

खरं तर आता तुमच्याआधी तिनेच विचारायला शिकायला हवं. दातांच्या डॉक्टरांकडे, शाळेच्या प्रथमोपचार खोलीत, रक्त काढणाऱ्या माणसाला हात देताना. ‘मला लेटेक्सची अ‍ॅलर्जी आहे, हा पट्टा कशाचा आहे?’ एवढं वाक्य. पहिल्या दोन-तीन वेळा तिला लाज वाटेल, तुम्ही मध्ये पडू नका, तिलाच बोलू द्या. मनगटात अ‍ॅलर्जीची पट्टी असावी, ती बोलण्याच्या स्थितीत नसेल तेव्हासाठी. केसपेपरवर लाल शाईत असलं पाहिजे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

राहता राहिला फॉर्म. तो भरून पाठवाच, बहुतेक घरं पाठवत नाहीत. ‘काही त्रास झाला का’ असा रकाना असेल तर पित्ताच्या दोन्ही तारखा, किती वेळाने उठलं आणि कशाने उतरलं, एवढं लिहा. ‘यामुळेच झालं’ असं लिहू नका, ते ठरवणं त्यांचं काम. रकाना नसेल तर समासात लिहा. तेच वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यालाही कळवा, बहुतेक देशांत सामान्य माणसाची तक्रार घेतात. क्लास टूचा क्लास वन अशाच पत्रांनी होऊ शकतो. तुमच्या ओळखीत आणखी कुणी हेच किट वापरत असेल तर त्यांनाही आजच फोन करा, कंपनीचं पत्र प्रत्येकाला पोचतंच असं नाही.

खोकी, लेबल आणि लॉट क्रमांक यांचे फोटो काढून ठेवा. एक स्टिकर त्या बांधलेल्या पिशवीवर लावा, म्हणजे घरात कुणी चुकून उघडणार नाही. आणि फॉर्मवर ‘शिल्लक नग’ लिहाल तेव्हा दप्तरातली पाकिटंही मोजा.

– सिस्टर